गिटारच्या अल्बमवर ड्रम ऐकायचे कसे

मी गिटार वाजवते, त्यामुळे जॅझ-फ्यूजनचे (जॅझ आणि रॉकच्या मिश्रणाचे) अल्बम मी पंधरा-सोळा वर्षं अर्ध्याच कानानं ऐकले. सोलो सुरू झाला की बाकी सगळं धुक्यात. महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या ‘बर्ड्स ऑफ फायर’वरचे जॉन मॅकलॉफलिनचे कितीतरी तुकडे मला तोंडपाठ होते, थोडेफार बोटांतही उतरले होते. एकदा आमच्या बँडचा ड्रमर शेजारी बसून ऐकत होता. मध्येच त्यानं गाणं थांबवलं. “अगं, आत्ता काठी राइडवर होती की हाय-हॅटवर?” मला सांगता येईना. (राइड म्हणजे लय धरायची मोठी झांज, हाय-हॅट म्हणजे पायानं उघडमीट होणारी झांजांची जोडी, आणि बेस ड्रम म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम.) “बरं, बेस ड्रम एक होता की दोन?” तेही नाही. तो पुढे काही बोलला नाही, नुसता हसला आणि गाणं परत सुरू केलं. ते हसू चांगलंच झोंबलं.

त्यानंतर मी जे काही शिकले ते इथं लिहिते आहे. ड्रम वाजवायला नाही शिकले. हात अजूनही काठीला घाबरतात. ऐकायला शिकले. आणि ऐकता ऐकता एक गोष्ट पक्की झाली: या अल्बमांवर गिटार किती मोठी, किती जवळ, किती मोकळी वाटते हे निम्म्याहून अधिक ड्रमच्या आवाजावर ठरतं. स्नेअर, म्हणजे समोरचा कडक वाजणारा ड्रम, लांब घुमत राहिला की गिटारला जागा उरत नाही. सिंबल, म्हणजे झांजा, पसरल्या की डिस्टॉर्शनची (गिटारच्या मुद्दाम फाटक्या केलेल्या आवाजाची) धार त्यांच्यात विरघळते. ड्रमर बदलला की तीच गिटार, तेच हात, वेगळे वाटायला लागतात. हे ऐकू यायला लागलं की जुने अल्बम पुन्हा नवे होतात, एवढं नक्की.

आवाज कमी करा

ड्रम ऐकायचे म्हटलं की हात आपोआप आवाज वाढवायला जातो. उलट करा. शेजारी कुणी बोललं तर सहज कळेल इतका आवाज खाली आणा. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरचा चकचकीत भाग कमी ऐकू येतो. मग जे उरतं ते मिक्स करणाऱ्यानं, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवणाऱ्यानं, पुढे बसवलेलं असतं. ‘बर्ड्स ऑफ फायर’ (१९७३) असं ऐकलं की ड्रमर बिली कॉबमचे टॉम (घुमणारे मधले ड्रम) आणि स्नेअर गिटारच्या खांद्याला खांदा लावून उभे दिसतात, साथीला मागे नाहीत. गिटारवादक पॅट मेथेनीचे सुरुवातीचे अल्बम असे ऐकले तर उरते ती सिंबलवरची काठी: टिक्, टिक्-टि-टिक्. दोन अल्बम, दोन वेगळे निर्णय, आणि हे कळायला पाच मिनिटं पुरतात.

मोबाइलच्या स्पीकरवर हा खटाटोप करू नका. बेस ड्रमचा पोटातला आवाज साधारण ५० ते ८० हर्ट्झच्या आसपास असतो आणि तो त्या स्पीकरमधून येतच नाही. येते ती पॅडलच्या ठोकळ्याची टकटक. साधे वायरवाले हेडफोनही चालतील. हेडफोन लावलेत की आधी हाय-हॅट कुठल्या कानात आहे ते बघा. बहुतेक ड्रमरच्या डाव्या हाताला हाय-हॅट असते. तुमच्या डाव्या कानात ती असेल तर इंजिनिअरनं तुम्हाला ड्रमरच्या स्टुलावर बसवलं आहे. उजव्या कानात असेल तर तुम्ही श्रोत्यांत बसला आहात. मग टॉमची एखादी लांब फेक येऊ द्या. ती एका कानातून निघून दुसऱ्या कानात उतरते का? की सगळा सेट मधोमध गठ्ठा करून ठेवलाय? गठ्ठा असेल तर दोन्ही बाजू गिटार आणि कीबोर्डसाठी मोकळ्या ठेवल्या आहेत असं समजा.

कॉबमबद्दल इथंच एक गोष्ट सांगून टाकते. त्याचा सेट उजव्या हाताच्या वादकासारखा मांडलेला, पण हाय-हॅट तो डाव्या हातानं वाजवतो, हात एकमेकांवर न आणता. म्हणजे उजवा हात स्नेअर आणि टॉमसाठी कायम मोकळा. हाय-हॅट बारीक चालू असतानाच टॉम कसे काय घुमतात, हा माझा जुना प्रश्न तिथं सुटला.

एक वस्तू, पूर्ण गाणं

हा सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कंटाळवाणा भाग. एक गाणं चार वेळा ऐकायचं, आणि दर वेळी एकाच वस्तूला धरून राहायचं. मध्ये मन गिटारकडे पळतंच. पळालं की गाणं मागे न नेता नुसतं परत यायचं.

सुरुवातीला कॉबमच्याच ‘स्पेक्ट्रम’ (१९७३) अल्बमवरचं ‘स्ट्रेटस’ घ्या. अल्बम ड्रमरच्या नावावर असला तरी गिटारवर टॉमी बोलिन आहे आणि तो ऐकून कितीतरी गिटारवाले फ्यूजनकडे वळले, तेव्हा आपल्या यादीत तो बसतो. बेसवर ली स्क्लार, कीबोर्डवर यान हॅमर, रेकॉर्डिंग न्यू यॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत, इंजिनिअर केन स्कॉट. आधी बराच वेळ सिंथ आणि ड्रमचा मोकळा खेळ चालतो आणि मग बेसचा तो वळसा सुरू होतो, जो गाणं संपेपर्यंत हलत नाही. १९९१ साली मॅसिव्ह अटॅकनं आपल्या गाण्यासाठी उचलला तो हाच ठेका.

पहिल्या फेरीत फक्त हाय-हॅट. ती सारखी चालू आहे, पण सारखी नाही: कुठली टिपरी जोरात, कुठली नुसती टेकवलेली, ते टिपा. दुसऱ्या फेरीत स्नेअर. दोन मोठ्या घावांच्या मध्ये अगदी हलके, काठी कातड्यावर सोडून दिल्यासारखे स्पर्श येतात. ड्रमर लोक त्यांना ‘घोस्ट नोट’ म्हणतात. ते काढून टाकले तर ठेका तोच राहील, चाल मात्र मरेल. तिसऱ्या फेरीत बेस ड्रम, आणि तो बेस गिटारशी कुठं जुळतो नि कुठं मुद्दाम सुटतो ते. चौथ्या फेरीत गिटार, अगदी मनसोक्त. मला या चौथ्या फेरीत बोलिन पहिल्यांदा नीट ऐकू आला. तो ज्या ठिकाणी थांबतो ती ठिकाणं त्यानं ठरवलेली नाहीत, कॉबमनं मोकळी करून दिलेली आहेत, असं वाटायला लागलं.

चार फेऱ्या म्हणजे अर्धा-पाऊण तास जातो. आठवड्याला एक गाणं पुरे.

स्नेअरची आस मोजा

तंबोऱ्याच्या तारेला आस असते तशी स्नेअरलाही असते: घाव पडला, त्यानंतर आवाज किती वेळ जिवंत राहतो? ते मोजायला घड्याळ नको. घाव पडताच तोंडानं “ठ” म्हणा आणि पुढचा घाव येईपर्यंत मागचा मेला की नाही ते बघा. कुठल्या काळातलं, कुठल्या पद्धतीचं रेकॉर्डिंग आहे हे बऱ्याचदा एवढ्यावरून सांगता येतं.

सत्तरच्या दशकातल्या स्टुडिओंना कोरडा आवाज हवा होता. टॉमचं खालचं हेड काढून टाकायचे, कातड्यावर फडकं किंवा टेप लावायचे, माइक अगदी जवळ आणायचे. जेफ बेकचा ‘ब्लो बाय ब्लो’ (१९७५) ऐका. ड्रमवर रिचर्ड बेली, निर्माता जॉर्ज मार्टिन. स्नेअर ‘ठप्’ म्हणतो आणि गप्प बसतो. त्यामुळे बेकच्या गिटारचा श्वाससुद्धा ऐकू येतो. सूर खेचताना तो कुठं थरथरला ते सगळं उघडं. मग वर्षभरानंतरचा ‘वायर्ड’ (१९७६) लावा. बहुतेक गाण्यांचा निर्माता तोच, गिटारवादक तोच, पण ड्रमवर मुख्यतः नारदा मायकल वॉल्डन, ज्यानं महाविष्णू ऑर्केस्ट्रात कॉबमची जागा घेतली होती. ‘लेड बूट्स’ची सुरुवातच तो करतो, आणि अशी करतो की गिटार यायच्या आधीच खोलीतलं सामान हललेलं असतं. या अल्बमवरच्या आठांपैकी चार रचना वॉल्डनच्या आहेत. गिटारच्या अल्बमवर अर्धी गाणी ड्रमरची! कव्हरवरच्या मोठ्या नावापलीकडे बघायची सवय मला तिथून लागली. बेक इथं अधिक आक्रमक, अधिक तुटक वाजवतो. कारण सोपं आहे: बेलीनं दिलेली रिकामी जागा वॉल्डन देत नाही, ती हिसकावून घ्यावी लागते.

बेकचाच तिसरा अल्बम जोडीला हवा असेल तर ‘देअर अँड बॅक’ (१९८०), त्यावरचं ‘स्पेस बूगी’. सायमन फिलिप्स दोन बेस ड्रमवर सातच्या हिशेबात शफल (झुलता ठेका) पळवतो. ‘स्पेक्ट्रम’वरच्या ‘क्वाड्रंट ४’चं घराणं लगेच ओळखू येतं.

कोरड्याच्या अगदी विरुद्ध टोकाला युरोपातल्या ईसीएम या कंपनीचा आवाज. पॅट मेथेनी ग्रुपचा १९७८ चा पहिला अल्बम ऑस्लोमधला आहे, इंजिनिअर यान एरिक कोंग्सहॉग, ड्रमवर डॅनी गॉटलीब. आवाजाभोवती भरपूर हवा. पण इतका घुमारा असूनही गिटार बुडत नाही, याचं उत्तर एका सिंबलमध्ये आहे. गॉटलीब फ्लॅट राइड वाजवतो. नेहमीच्या राइडच्या मधोमध एक घुमट असतो. फ्लॅट राइडला तो नसतो. काठी पडली की टिक् स्वच्छ येते, मागचा घोष साचत नाही. ही सिंबल जॅझमध्ये ओळखीची झाली ती मुख्यतः रॉय हेन्समुळे, १९६८ साली चिक कोरियाबरोबरच्या त्रयीतल्या रेकॉर्डिंगनंतर. मेथेनीच्या गिटारचा सूर गोल आणि थोडा अंधारा, वरची धार त्यात कमीच. मग वरचा मजला सिंबलला, मधला गिटारला. भांडण नाहीच. याच गाण्यांत एखादी जड, लांब वाजणारी राइड असती तर, हा विचार करत ते परत ऐकून बघा.

आणि मग ऐंशीचं दशक, ज्याच्यावर मी फार वर्षं डूख धरून होते. स्नेअरचा तो तोफेसारखा आवाज: ‘ढाऽ’ आणि एकदम तुटका शेवट. त्याची सुरुवात १९७९ साली पीटर गेब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमच्या (१९८०) रेकॉर्डिंगवेळी लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत झाली. फिल कॉलिन्स ड्रम वाजवत होता, इंजिनिअर ह्यू पॅडम. वादकांशी बोलण्यासाठी खोलीत टांगलेल्या माइकवर कचकचीत कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार दाबून सपाट करणारं यंत्र) बसवलेला होता, त्यातून ड्रम आले आणि सगळे चमकले. पुढे त्या खोलीच्या आवाजावर गेट लावलं, म्हणजे ठरावीक पातळीखाली गेला की आवाज कापायचा. म्हणून खोली भली मोठी, पण आस तोकडी. गंमत म्हणजे हाच कॉलिन्स तोवर ब्रँड एक्स या बँडमध्ये उत्तम फ्यूजन वाजवत होता.

त्या काळाचा मोठा स्नेअर मला सुसह्य केला तो डेनिस चेंबर्सनं, जॉन स्कोफील्डच्या ‘ब्लू मॅटर’ (१९८७) अल्बमवर. चेंबर्स आला पार्लमेंट-फंकाडेलिकच्या फंकमधून, आणि एका पायात लोकांच्या दोन पायांइतकी ताकद घेऊन. आवाज भलादांडगा, पण घाव इतक्या नेमक्या जागी की स्कोफील्डला मुद्दाम मागे रेंगाळता येतं. त्याची गिटार लय सोडून लोंबकळते आहे असं वाटतं आणि पडत मात्र नाही, कारण खाली चेंबर्स आहे. हा अल्बम मी आधी दोनदा बाजूला ठेवला होता, स्नेअर आवडला नाही म्हणून. तिसऱ्यांदा बेस ड्रमला धरून ऐकला.

सम शोधा, पण पायानं

तबला थोडाफार कळत असेल तर इथं फायदाही आहे आणि घोटाळाही. फायदा असा की आवर्तन ही कल्पना अंगात असते. घोटाळा असा की आपण समेवर जोर यायची वाट बघतो आणि हे लोक नेमका तो जोर लपवतात.

माझी फजिती ‘द डान्स ऑफ माया’वर झाली, ‘दि इनर माउंटिंग फ्लेम’ (१९७१) अल्बममधल्या. सुरुवातीला गिटारचे ते तिरके, तुटत जाणारे सूर दहाच्या हिशेबात चालतात. मग कॉबम शफल घेऊन येतो आणि वाटतं, चला, आता साधा ब्लूज सुरू झाला. मी खुशाल मान डोलवायला लागायचे, आणि दर थोड्या वेळानं मान चुकीच्या ठिकाणी खाली जायची. कित्येक वर्षं मी समजत होते की तिथं ते काहीतरी ‘करतात’. काही करत नाहीत. तीन-तीनचे सहा गट आणि शेवटी एक दोनाचा, मिळून वीस. म्हणजे दहाची दोन आवर्तनं. ती जी उचकी लागल्यासारखी वाटते ती शेवटच्या दोनाची. म्हणूनच पुढे जेव्हा ब्लूजवर सुरुवातीचे दहाचे सूर येऊन बसतात तेव्हा दोन्ही चपखल जुळतात.

हे तोंडानं मोजू नका. तोंड घाईला येतं. प्रत्येक गटाच्या पहिल्या मात्रेवर पाय टेकवा, सहा वेळा सारख्या अंतरानं, सातव्या वेळी तो लवकर उचलावा लागेल. तो लवकर उचललेला पाय एकदा अंगवळणी पडला की मेंदूला काही विचारावं लागत नाही. ‘बर्ड्स ऑफ फायर’चं शीर्षकगीत अठराचं आहे, तिथंही हेच.

याच वाटेनं पुढे मॅकलॉफलिनचं १९८९ चं लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधलं त्रयीचं रेकॉर्डिंग लागतं. तालवाद्यांवर त्रिलोक गुर्टू. ते ड्रमसेटपाशी जमिनीलगत बसतात, नेहमीचा पायानं वाजवायचा बेस ड्रम नाही, तबला हाताशी आणि शेजारी पाण्याची बादली, ज्यात वाजती झांज बुडवली की सूर वाकत खाली जातो. शोभा गुर्टूंच्या घरातल्या माणसाच्या कानात लय कशी बसलेली असेल ते वेगळं सांगायला नको. तिहाई कुठं सुरू झाली ते ओळखून समेवर त्यांच्याबरोबर पोचायचा प्रयत्न करा. मी दहात सहा वेळा पोचते. अलीकडच्या काळात मॅकलॉफलिनच्या फोर्थ डायमेन्शनमध्ये रणजित बारोट आहेत. ‘नाऊ हिअर धिस’ (२०१२) ऐका, बोल आणि ड्रम एकाच तोंडून आल्यासारखे वाटतात. त्या बँडमध्ये कीबोर्डवर बसलेला गॅरी हसबंड स्वतः जबरदस्त ड्रमर आहे. तो आता येतोच.

एक गिटारवादक, पाच ड्रमर

माझ्या मते सगळ्यात चांगली शाळा ॲलन होल्ड्सवर्थच्या गिटारची. कारण त्याच्या वाजवण्यात पिकचा (तार छेडायच्या पट्टीचा) आघात जवळपास नसतोच. डाव्या हाताच्या बोटांनी सूर एकातून एक निघत जातात, व्हायोलिनसारखे. म्हणजे आघाताचं सगळं काम ड्रमरवर येऊन पडतं, आणि प्रत्येक ड्रमर ते वेगळं करतो. हे पाच अल्बम क्रमानं, शक्य तर एकाच संध्याकाळी, प्रत्येकातलं एक-एक गाणं घेऊन ऐका.

टोनी विल्यम्सचा ‘बिलीव्ह इट’ (१९७५). याच्या आधी १९६९ साली ‘इमर्जन्सी!’वर मॅकलॉफलिनबरोबर विल्यम्सनं काय केलं होतं तेही ऐकण्यासारखं आहे, फक्त त्याचं रेकॉर्डिंग इतकं खरखरीत आहे की पहिल्यांदा हेडफोन बिघडलाय असं वाटतं. ‘बिलीव्ह इट’ त्यामानानं स्वच्छ. होल्ड्सवर्थनं लिहिलेलं ‘फ्रेड’ लावा आणि राइडला धरा. विल्यम्स मागून ढकलतो. गिटार पळते आहे असं वाटतं, पण पळवतोय तो.

बिल ब्रूफर्डचा ‘वन ऑफ अ काइंड’ (१९७९). इथं स्नेअर कडक ताणलेला, उंच, आणि टणत्कार करणारा: ‘टण्’. टेप, फडकं काही नाही. सोबत रोटोटॉमचे (फिरवून सूर लावता येणाऱ्या छोट्या ड्रमचे) स्वर लागलेले, तीक्ष्ण ठोके. एकीकडे आघात नसलेली गिटार, दुसरीकडे निव्वळ आघात. रेशमावर टाचण्या टोचाव्यात तसं. मला स्वतःला हीच जोडी सगळ्यात आवडते, आणि विल्यम्सचे भक्त याच्यावर माझ्याशी वाद घालतात.

‘आय.ओ.यू.’ (१९८२) वर गॅरी हसबंड. हा पियानोवादकही असल्यामुळे त्याचे ड्रम वाक्यांत बोलतात. ठेका धरून बसण्यापेक्षा गिटारच्या वाक्याला उत्तर देणं त्याला जास्त आवडतं. टॉम ऐका, स्नेअर सोडा.

‘मेटल फटीग’ (१९८५), बहुतांश चॅड वॅकरमन. फ्रँक झॅपाच्या बँडमधला माणूस, नीटनेटका. सिंबलचा घोष आटोक्यात, प्रत्येक घाव घासून पुसून ठेवल्यासारखा. शीर्षकगीतात गिटारच्या तालबद्ध फटकाऱ्यांबरोबर तो कसा जातो ते बघा.

आणि ‘सीक्रेट्स’ (१९८९) वर विनी कोलायुटा. पहिलंच गाणं ‘सिटी नाइट्स’, जे लिहिलंय हसबंडनं. अडीच-पावणेतीन मिनिटांत कोलायुटा लय इतक्या वेळा आतून फिरवतो की पाय टेकवत बसलेला माणूस हमखास फसतो. होल्ड्सवर्थ मात्र वरून शांतपणे तरंगत जातो. कोलायुटाची हीच कला आधी बघायची असेल तर झॅपाच्या १९८१ च्या गिटार सोलोंच्या अल्बममालिकेत ती पोत्यानं सापडेल.

पाच झाल्यावर एक वरचा: ‘ॲटाव्हाक्रॉन’ (१९८६) मधलं ‘लुकिंग ग्लास’. ड्रमवर पुन्हा टोनी विल्यम्स, अकरा वर्षांनी. ‘फ्रेड’ आणि हे, पाठोपाठ. माणसं तीच, पण रेकॉर्डिंगची पद्धत, ड्रमचा आकार, खोली, सगळं बदललेलं. विल्यम्स माइल्स डेव्हिसकडे होता तेव्हा १८ इंची बेस ड्रम वाजवायचा, नंतर तो २४ इंचीवर गेला. ढकलणं मात्र तेच.

स्वतः मिक्स करत असाल तर

हे शिकायच्या आधी मी आमच्या बँडचं एक रेकॉर्डिंग स्वतः मिक्स केलं होतं. गिटार पुढे, अजून पुढे, सिंबल मागे, स्नेअरवर भरपूर रिव्हर्ब (नंतर जोडलेला घुमारा). झालं काय, तर गिटार लहान वाटायला लागली. जितकी वाढवावी तितकी लहान. दोन आठवडे मी ॲम्प्लिफायरला शिव्या घातल्या.

आता काय करते ते सांगते. सुरुवात गिटार बंद ठेवून. आधी ड्रमच्या डोक्यावरचे दोन माइक, फक्त तेवढेच, आणि त्यातून पूर्ण सेट पटेपर्यंत बाकी कशाला हात नाही. रेकॉर्डिंगवेळी हे दोन माइक स्नेअरच्या मध्यापासून समान अंतरावर हवेत. सुतळी धरून मोजा, डोळ्यावर विसंबू नका. आवाज एका मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो. एक माइक थोडा पुढे-मागे झाला तरी स्नेअर दोन्हीकडे वेगळ्या वेळी पोचतो आणि पोकळ वाटतो. खोलीतला लांबचा माइक साडेतीन मीटरवर असेल तर तो १० मिलिसेकंद उशिरानं बोलणार. तो उशीरच खोलीचा आकार सांगतो, तेव्हा ओढूनताणून जुळवू नका.

मग रिव्हर्ब. गाण्याची गती मिनिटाला १२० असेल तर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरच्या स्नेअरमध्ये बरोब्बर एक सेकंद असतो. रिव्हर्ब त्याहून लांब ठेवलात तर पुढचा घाव ओल्या जमिनीवर पडणार. गिटार लांब सूर धरणारी असेल तर मी स्नेअरची आस त्या सेकंदाच्या निम्म्यावर आणते. गिटार तुटक, कोरडी असेल तर वाढवते. स्नेअरचं अंग २०० हर्ट्झच्या आसपास असतं. बेस ड्रमची टकटक आणि डिस्टॉर्शनवाल्या गिटारचा चावा, दोन्ही साधारण २ ते ४ हजारांत बसतात, आणि तिथं एकानं थोडं सरकून बसायला हवं. मी गिटारवाली असूनही सरकवते गिटारलाच. ऐकणाऱ्याला ती मागे गेलेली वाटत नाही; ठोका स्पष्ट झाल्यामुळे उलट पुढे आल्यासारखी वाटते.

शेवटी मिक्स शेजारच्या खोलीतून, दार उघडं ठेवून ऐकते. तिथं जर फक्त गिटार आणि एक अस्पष्ट खळखळ येत असेल तर परत जाऊन बसते.

अजून एक करून बघा. जुन्या अल्बमांवर पुष्कळ गाणी शेवटी हळूहळू विरत जातात. वादक मात्र स्टुडिओत तसे विरत नाहीत, ते वाजवतच असतात, आणि हा भाग कापला जाणार हे ठाऊक असल्यामुळे ड्रमर तिथं बिनधास्त होतो. आवाज जसजसा उतरेल तसतसा तुम्ही चढवत न्या. शेवटच्या आठ-दहा सेकंदांत असे काही तुकडे सापडतात की बाकीच्या पूर्ण गाण्यात नसतील. फक्त पुढचं गाणं सुरू व्हायच्या आत आवाज खाली आणा. मी दोनदा विसरले आहे, आणि दोन्ही वेळा पुढचं गाणं कॉबमचं होतं.